कागद जसा आहे तसा वाचा



पुढारी कसा असावा, हे शोधायला लांब जायची गरज नाही. आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं मार्लवाई बघा. 1940 मध्ये जोडेघाटला कुमरम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारनं हायमेन्डॉर्फ या अभ्यासकाला इकडं पाठवलं. ते पत्नी बेट्टीसह मार्लवाईत राहिले, गोंडी शिकले. गोंडांच्या जमिनी कशा गेल्या, हे त्यांनी सरकारला लिहून दिलं. 1943 मध्ये तिथंच गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं, गोंडी पुस्तकं देवनागरीत निघाली. पगार सरकारचा होता, पण गावचं म्हणणं त्यांनी दाबलं नाही. बेट्टीची समाधी आजही मार्लवाईत आहे.

आता आपलं बघू. घरात मराठी, कचेरीत तेलुगू. आजीला आलेला तेलुगू कागद आपणच वाचून सांगतो. त्या घडीला सत्ता आपल्या हातात असते, बरं का! मग माझे तीन नेम. अर्ज नामंजूर झाला असेल तर तसंच सांगायचं. वाचल्याचे पैसे घ्यायचे नाहीत, बदल्यात मतही मागायचं नाही. आणि शेजारच्या गोंड काकांचा कागदही तितक्याच आस्थेनं वाचायचा.

उद्या मराठी शाळेसाठी निवेदन घेऊन निघाल, तेव्हा मागं माणसं येतील ती भाषण ऐकून नाही. या पोरानं आपला कागद खरा वाचला होता, या भरवशावर येतील.

जय हिंद!