आनंद हा आत्म्याचा स्वभाव



अनंत सुख हा आत्म्याचा मूळ गुण आहे. कर्माचे आवरण दूर होताच तो प्रकट होतो. त्यासाठी मन मोकळे हवे. आपल्या जिल्ह्यातील शिरड शहापूर हे भगवान मल्लिनाथांचे अतिशय क्षेत्र. दिगंबर परंपरा मल्लिनाथांना पुरुष मानते, श्वेतांबर परंपरा स्त्री. वंदन मात्र दोघेही वीतरागतेलाच करतात. अनेकांत तो हाच.

मोकळ्या मनाला खेळकरपणाही वर्ज्य नाही. श्वेतांबर आगमांतील भगवती सूत्रात बालमुनी अतिमुक्तकांची कथा आहे. पावसाच्या वाहत्या पाण्याला मातीची पाळ घालून त्यांनी आपले पात्र नावेसारखे सोडले. ते पाहून स्थविर मुनींनी भगवान महावीरांना विचारले, यांना मोक्षासाठी किती भव लागतील? भगवंतांनी सांगितले की, ते याच भवात सिद्ध होतील. त्यांची अवहेलना न करता सेवा करा.

आपण मात्र मंदिरात हसणाऱ्या मुलांना दटावतो. उद्या तीच आली नाहीत, तर हा सुवर्णमहोत्सव कोणासाठी? पाण्यातही जीव आहेत, हा विवेक त्यांना अवश्य शिकवावा, पण प्रेमाने. पाठशाळेतून हसू ऐकू येऊ द्या. विवेकाची जोड लाभलेला आनंद हीच आत्मसाधनेची पहिली पायरी होय.

जय जिनेंद्र!