अंगणवाडीचा आठवडा

(गोव्याच्या डोंगराळ भागातील एका गावी पालक, प्राथमिक शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्या एकत्रित मेळाव्यात एका निवृत्त मुख्यसेविकेने केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



‘अंगणवाडीचा आठवडा’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी संयोजकांची इच्छा आहे. मघाशी एका पालकाने मला हसत हसत विचारले, “बाई, त्यात सांगण्यासारखे काय आहे? मुले येतात, गाणी म्हणतात, जेवतात आणि घरी जातात.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. बाहेरून पाहणाऱ्यास एवढेच दिसते. सोमवारसारखा मंगळवार आणि या आठवड्यासारखाच पुढचा आठवडा. परंतु हा सारखेपणा म्हणजे आमच्या कामाचा कंटाळवाणा भाग नव्हे; तोच या कामाचा पाया आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी मी आपणापुढे उभी आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. गरीब वस्त्यांतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसून आल्यावर, बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, असा विचार त्यांनी केला. ‘अंगणवाडी’ या नावामागे ही कल्पना आहे. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. पूरक आहार, शालापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा आणि मातांना पोषण व आरोग्याचे शिक्षण अशा सहा सेवा या एका छपराखाली आल्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने येथील आहार हा मुलाचा हक्क झाला. तेव्हा अंगणवाडीत मिळते ते कोणाचे उपकार म्हणून नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे.

आता मुलाचा दिवस पाहू. सकाळी मूल दारात आले की सेविकेने त्याचे नाव घेऊन स्वागत करावे. नाव घेताना तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून फिरते. डोळे चिकटलेले नाहीत ना, अंग कढत नाही ना, काल हसत येणारे मूल आज आईचा पदर सोडीत नाही, असे तर नाही? ही तपासणी अर्ध्या मिनिटाची असते आणि मुलाला ती तपासणी वाटतही नाही. त्यानंतर अर्धा तास मुक्त खेळ. मग सगळ्यांनी गोल करून बसावयाचे, गाणे म्हणावयाचे, गप्पा मारावयाच्या. त्यानंतर हात धुणे, आहार, मैदानी खेळ, गोष्ट आणि निरोप. हात धुण्याला मी मुद्दाम वेगळे स्थान देते. साबण लावून वीस आकडे मोजेपर्यंत हात चोळावयाचे, म्हणजे हातही स्वच्छ होतात आणि आकडेही तोंडी येतात. तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. परंतु हात धुतले की जेवण येते आणि गोष्ट संपली की आई येते, हे त्याला चार दिवसांत कळते. ते कळले की त्याचे रडे थांबते. आपण त्याला ‘मूल रुळले’ असे म्हणतो.

दिवसाप्रमाणे आठवड्यालाही क्रम असावा. आमच्या केंद्रांतून आम्ही बसविलेला क्रम येणेप्रमाणे होता. सोमवारी नखे, केस व कान पाहावयाचे आणि रविवारी काय केले ते मुलांकडून ऐकावयाचे. कोणी मामाच्या गावी गेलेला असतो, कोणी कुळागरात पाटाच्या पाण्यात खेळून आलेला असतो. घरी कोंकणी बोलणारे, मराठी बोलणारे आणि अलीकडे कामगार कुटुंबांतले कन्नड बोलणारे मूल आपापल्या शब्दांत सांगते. त्याचा शब्द चूक ठरवू नये. आधी तो आपण म्हणावा, मग आपला शब्द त्याच्या शेजारी ठेवावा. मंगळवार गोष्टीचा व चित्रांचा. बुधवार मोजण्याचा व जुळविण्याचा. त्यासाठी बाजारच्या खेळण्यांची गरज नाही, काजूच्या बिया, चिंचोके, शिंपले आणि नारळाच्या करवंट्या पुरतात. गुरुवारी माती, रंग व पानेफुले. शुक्रवारी गाणी व नाटुकली. शनिवारी त्या आठवड्यातील मुलांना आवडलेल्या गोष्टींची उजळणी, खेळणी धुणे, पाण्याचे भांडे घासणे, चटया उन्हात टाकणे. आणि दुपारी गृहभेटी.

याच आठवड्यात औषधाचेही दोन ठरलेले दिवस असतात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकास आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे पातळ औषध द्यावयाचे असते. ते जेवणानंतर द्यावे. मूल तापाने आजारी असेल किंवा तीव्र कुपोषित असेल, तर आरोग्यसेविकेला विचारल्यावाचून देऊ नये. या औषधाने शौचाचा रंग काळसर होतो, त्याने घाबरून पुष्कळ माता ते बंद करतात. तसे करू नये. महिन्यातून एकदा ग्राम आरोग्य व पोषण दिवस असतो. त्या दिवशी कार्ड घेऊन या. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यानची त्रिगुणी लशीची मात्रा पुष्कळदा राहून जाते, कारण तोवर मूल धावतेखेळते झालेले असते आणि कार्ड पेटीच्या तळाशी गेलेले असते. पहिलीच्या शिक्षकांनी प्रवेशाच्या वेळी ते कार्ड अवश्य पाहावे.

आहाराविषयी फार सांगत नाही. उकड्या तांदळाची पेज, नाचणी, अळसांदे, कुळीथ, केळी हे आपल्या घरातलेच अन्न आहे. एकच सांगते. वाढणाऱ्या बाईने मुलाने किती खाल्ले याकडे लक्ष द्यावे. किती वाढले याकडे नव्हे. याचे कारण मला एका अनुभवाने शिकविले. तो माझ्या चुकीचा अनुभव आहे आणि सेवेत असताना मी तो जाहीरपणे सांगितला नाही. आज सांगते.

१९९१ सालची गोष्ट. माझ्या देखरेखीखालील एका केंद्रात तीन वर्षांची एक मुलगी येत असे. तिचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जात. आजी तिला आणून सोडी. जुलैत तिचे वजन ११ किलो २०० ग्रॅम भरले. त्यानंतर पावसाच्या दमटपणाने वजनकाट्याची स्प्रिंग गंजली आणि काटा निकामी झाला. नवा काटा मागविला होता, परंतु तो येईपर्यंत तक्ते पाठविणे थांबवावयाचे नव्हते. सेविकेने ऑगस्टमध्ये सर्व मुलांच्या वजनांत दोनदोनशे ग्रॅम वाढवून आकडे लिहिले, सप्टेंबरमध्ये आणखी दोनशे. त्या मुलीच्या नावापुढे ११ किलो ४०० आणि मग ११ किलो ६०० असे आकडे पडले. काटा बंद आहे हे मला ठाऊक होते. तरीही दोन्ही महिन्यांच्या तक्त्यांवर मी सही केली.

ऑक्टोबरात नवा काटा आला. मुलीचे वजन भरले १० किलो १०० ग्रॅम. आमच्या कागदावर ती चढत होती आणि प्रत्यक्षात किलोभराहून अधिक उतरली होती. रुग्णालयात नेल्यावर तिला क्षय झाल्याचे निष्पन्न झाले. घरात आजीचा जुना खोकला होता, तोही क्षयाचाच निघाला. उपचार झाले, मुलगी बरी झाली. परंतु ते दोन महिने तिने आमच्यामुळे अधिक सोसले.

मला अधिक लागले ते पुढे कळले तेव्हा. त्या केंद्राची मदतनीस फारशी शिकलेली नव्हती. ती मला म्हणाली, “बाई, मी चवथीच्या आधीच सांगितले होते. ती पोर हल्ली दुसऱ्यांदा वाढून मागत नव्हती. खेळायला सोडली तर खांबाला टेकून बसायची.” तिने सेविकेला सांगितले होते, सेविकेने मला सांगितले होते, आणि मी ते ऐकून घेतले होते. मागण्याचा आणि खांबाला टेकण्याचा रकाना तक्त्यात नव्हता, म्हणून ते कोठे लिहिले गेले नाही. ज्या रकान्यात खोटे लिहिता आले तो भरला, आणि जे खरे होते त्याला जागा मिळाली नाही.

त्या मदतनिसाला ते कसे दिसले, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. ती रोज त्याच वेळी, त्याच ओळीत, त्याच मुलांना वाढीत असे. रोजचे सगळे सारखे होते, म्हणून जे बदलले ते तिला दिसले. दिनक्रम आपण शिस्तीसाठी करतो असे लोकांना वाटते. माझ्या मते तो पाहण्यासाठी आहे. मुलाचा दिवस ठरलेला असला म्हणजे मुलात पडलेला फरक नजरेत भरतो. मूल कधी दहाला, कधी बाराला आले, कधी जेवण आधी आणि कधी खेळ आधी झाला, तर ते दमले आहे की आजारी आहे, हे कोणालाच कळणार नाही.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. २०२१ पासून सेविका मुलांची वजने व उंची मोबाइलवरील पोषण ट्रॅकरमध्ये नोंदवितात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे शिक्षणाची पायाभूत अवस्था मानली आणि २०२४ साली ‘आधारशिला’ हा अंगणवाडीचा अभ्यासक्रम आला. याचा मला आनंद आहे. परंतु वही जसा अंदाजाचा आकडा मुकाट्याने घेत होती, तसा मोबाइलही घेईल. लिहिणाऱ्याने पाहून लिहिले की न पाहता, हे यंत्राला कसे कळणार?

म्हणून काही विनंत्या करून मी थांबते. पालकहो, मुलाला वेळेवर आणा, आणि ते येणार नसेल तर शेजारच्या मुलाबरोबर एक निरोप पाठवा. घरात कोणाचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला असेल, तर लाजू नका, सेविकेला सांगा. काजूच्या हंगामात आणि लावणीच्या दिवसांत मुलांची हजेरी घटते. परंतु मुलांकडे पाहायला घरी कोणी नसते तेही याच दिवसांत. शिक्षक बंधुभगिनींनी एखाद्या शनिवारी अंगणवाडीत येऊन बसावे. जूनमध्ये आपल्या वर्गात येणारी मुले आधीच ओळखीची होतील. अधिकारी मंडळींना माझे सांगणे आहे की, काटा बिघडला असेल तर आकडा मागू नका. आधी काटा द्या. ‘वजन घेतले नाही’ असे खरे लिहिणाऱ्या सेविकेला कारणे दाखवा नोटीस मिळणार असेल, तर तीही आकडा बनवील, जसा आम्ही बनविला.

आणि सेविका भगिनींनो, शनिवारी दार लावण्यापूर्वी पाच मिनिटे मदतनिसाजवळ बसा. एकेका मुलाचे नाव घ्या आणि विचारा, “या आठवड्यात ह्याच्यात काही वेगळे दिसले का?” ती जे सांगेल ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. त्यासाठी कोणाच्या परिपत्रकाची वाट पाहू नका.