जुन्या मोटारीचे सुकाणू

हलकी चालणारी मोटार मुद्दाम जड करून घेण्यासाठी कोणी पदरमोड करील, हे ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु अमेरिकेत असे हौशी लोक आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच वेडेपणाचे नाही.

१९६४ साली तेथे पॉन्टिअॅक जीटीओ आली आणि बेताच्या आकाराच्या मोटारीत प्रचंड एंजिन बसविण्याची अहमहमिका सुरू झाली. ‘मसल कार’ हे त्या मोटारींचे नाव. दंड थोपटून उभ्या राहिलेल्या मोटारीच म्हणा ना! १९७० सालच्या डॉज चॅलेंजरमध्ये ७.२ लिटरचे एंजिनसुद्धा मिळे. एवढे ओतीव लोखंड पुढच्या चाकांवर बसल्यावर उभी गाडी वळविणे म्हणजे जड जाते ओढण्यासारखेच.

यावर तोड निघालेली होती. फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२० च्या दशकात सिद्ध केलेली कल्पना क्रायस्लर कंपनीने १९५१ साली बाजारात आणली. एंजिनवरील पट्ट्याने एक पंप फिरतो आणि दाबाखालील तेल चाके वळविते. आपल्या हाताने फक्त झडप उघडायची. या कंपनीच्या मोटारींत तर एका बोटाने चक्र फिरे. तक्रार नेमकी तीच. भरवेगात वळण घेताना पुढच्या चाकांची पकड सुटू लागली, तर ते हाताला कळावयास हवे; येथे हाताला काहीच कळत नाही.

गंमत अशी, की १९७० साली चॅलेंजरला मुळात साधेच सुकाणू असे; तेलाच्या सुकाणूला जादा पैसे पडत. तेव्हा हे हौशी लोक काढून टाकतात ती पहिल्या मालकाची चैन!

पंप, नळ्या नि पट्टा निघतात चटकन. खरे काम पुढेच आहे. तेलाची दातेपेटी लांब, साधी आखूड. त्यामुळे चक्राखालचा दांडा तोकडा पडतो. मग लांब दांडा शोधावा किंवा जोडतुकडा घालावा. येथे गावठी डागडुजी कामाची नाही. ताशी १०० किलोमीटर वेगात हा जोड निसटला, तर चक्र हातात राहील आणि मोटार आपल्या मनाने जाईल. दांड्याखालचा पिटमन आर्मही नव्या पेटीला जुळणाराच हवा.

साध्या पेट्या दोन जातींच्या. एकीत चक्र १६ अंश फिरविले की खालचा दांडा एक अंश फिरतो, दुसरीत त्यासाठी २४ अंश लागतात. पहिली चपळ, पण मनगटांची परीक्षा पाहणारी. दुसरी सोसवते, मात्र चक्र गरागरा फिरवावे लागते. अवजड एंजिन असेल तर माझे मत दुसरीच्या बाजूचे. पुढच्या चाकांच्या खुंटाचा मागचा कलही थोडा कमी करून घ्यावा, म्हणजे भार उतरतो. त्या काळचे टायर अरुंद होते. आता हौसेने रुंद टायर घातलेले असतात, आणि दोष मात्र बिचाऱ्या पेटीला लागतो!

गाडी एकदा चालू लागली की चक्र पुष्कळ हलके होते. जड जाते ते बाजारात, दोन मोटारींच्या मधल्या फटीत ती उभी करताना. तेथे मालकाने कोट काढून ठेवलेला बरा.