आदत खोंडाची पारख आणि गटाचं कर्ज

 

दिवाळी झाली, सुगी उरकत आली आणि यात्रांचे दिवस आले. म्हसवड, पुसेगाव, खरसुंडी, एकामागून एक यात्रा भरते. जनावरांचे बाजार भरतात आणि बैलगाडी शर्यतीची मैदानंही सुरू होतात. याच दिवसांत गटाच्या बैठकीत एक अर्ज हमखास येतो. अर्जावर कारण असतं, ‘पशुपालन’. म्हैस घेणार का शेळ्या, असं विचारलं की ताई जरा थांबतात आणि हळूच म्हणतात, “खोंड घ्यायचाय. पोरगा म्हणतोय, लई पळतोय.”

आज त्या खोंडाबद्दल बोलूया. शर्यतीला नावं ठेवायला मी बसलेले नाही. खिल्लार जनावर ही सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या आपल्या भागाची ओळख आहे. पण खोंड पळतो मैदानात आणि वाढतो आपल्या गोठ्यात. वैरण आपण टाकतो, शेण आपण काढतो, पाणी आपण दाखवतो. आणि कर्ज काढायचं असलं तर सहीही आपलीच लागते. मग तो पारखायला आपल्याला का येऊ नये?

आधी थोडं मागचं सांगते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या. आपल्या राज्यानं २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ती दुरुस्ती कायम ठेवली. शर्यती परत सुरू झाल्या तसे पळणाऱ्या जनावरांचे भाव चढले. भाव चढले की कर्जाचे अर्ज वाढतात, आणि अर्ज वाढले की आपली जबाबदारी वाढते.

आता पारख. सुरुवात दातांपासून. जनावराला समोरचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. दुधाचे दात असेपर्यंत खोंड ‘आदत’. साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास मधले दोन दुधाचे दात पडून मोठे रुंद दात येतात, तो ‘दुसा’. तीनच्या आसपास चार झाले की ‘चौसा’. पुढे सहादाती, आणि चार ते पाच वर्षांच्या दरम्यान आठही आले की ‘जुळला’ म्हणतात. विकणारा तोंडानं वय सांगेल, आपण खोंडाच्या तोंडात बघायचं. आदतांची मैदानं वेगळी असतात. दात लागला की खोंड त्या मैदानातून बाद होतो आणि थोराड जनावरांपुढे उभा राहतो. म्हणून पडायला आलेल्या दातांचा आदत घेताना विचारा, ‘हा आदत म्हणून अजून किती दिवस पळणार?’ कालपर्यंत आदतात पहिला येणारा खोंड दुसा-चौशाच्या मैदानात मागं पडला, असं पुष्कळदा होतं. त्यात खोंडाचा दोष नसतो, समोरची जनावरं बदललेली असतात.

दुसरी गोष्ट पाय. खोंड उभा असताना बघू नका, चालताना बघा. नांगरलेल्या किंवा मऊ मातीच्या रानात कासरा सैल सोडून चालवायला सांगा. पुढच्या पायाचा ठसा पडला, की मागचा पाय त्याच ठशावर किंवा त्याच्या थोडा पुढं पडला पाहिजे. मागचा पाय अलीकडेच पडत असेल, किंवा एका बाजूचा ठसा लांब आणि दुसऱ्या बाजूचा आखूड असेल, तर कुठंतरी दुखतंय. खूर काळे, घट्ट आणि दोन्ही नख्या सारख्या हव्यात. समोरून बघा, गुडघे आत वळलेले नकोत. सांध्यावर हात ठेवा, गरम किंवा सुजलेला नको. गोम, भोवरा, शिंगांचा डौल यावर बाजारात तासभर चर्चा चालते. ज्याची त्याची श्रद्धा असते, पण भोवऱ्यानं कुणी पळत नाही, पायानं पळतं.

एका गटातल्या तिघीजणी अशाच एका अर्जासाठी खोंड बघायला गेल्या होत्या. मालकानं मोबाइलवर दोन मैदानांचे व्हिडिओ दाखवले. खोंड वाऱ्यासारखा. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, “व्हिडिओ बघितला, आता ढेकळातनं चालवून दाखवा.” चालवला तर मागचा डावा पाय प्रत्येक वेळी आखूड पडत होता. काकूंना शर्यतीतलं काही कळत नव्हतं, पण चाळीस वर्षं औतामागं चाललेली बाई ती. सौदा तिथंच थांबला.

तिसरी गोष्ट, पळणं कसं वाचायचं. आपल्याकडं गट, सेमी, फायनल अशा फेऱ्या होतात. खोंड गटात पहिला आला एवढ्यावर भाव दुप्पट सांगितला जातो. अशा वेळी चार प्रश्न विचारा. शेजारी कोण जुंपला होता? मुरलेल्या बैलाशेजारी नवखा खोंड ओढला जातो, पण जोडी बदलली की खरं रूप दिसतं. कोणत्या खांद्याला पळतो? एकाच खांद्याचा असेल तर पैरा जमवायला अवघड जातं. कोणत्या तासातून पळाला? गर्दीच्या कडेच्या तासातून न बुजता सरळ गेला असेल, तर त्याची किंमत जास्त धरा. आणि शेवटचा टप्पा कसा गेला? सुट्टीला झेपावणारे पुष्कळ असतात. निशाणाजवळ जाताना ज्याचं पाऊल आखडत नाही, मान वर उचलली जात नाही, तो खोंड पुढं सुधारेल.

एक साधी चाचणी घरीही होते. पळण्याआधी खोंड निवांत असताना त्याच्या कुशीकडं बघून मिनिटाला किती श्वास होतात ते मोजा. फेऱ्यानंतर परत मोजत राहा. श्वास पहिल्या आकड्यावर यायला किती मिनिटं लागली, ते वहीत लिहा. आठवड्यागणिक हा वेळ कमी होत असेल तर खोंड तयार होतोय. वाढत असेल तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. आपण गटाचा हिशोब लिहितोच की, तशीच ही एक ओळ.

आणि हेही लक्षात ठेवा, की हे मार्गशीर्षातलं पळणं आहे. हवा गार आहे, पावसाळ्यातली हिरवी वैरण नुकतीच पोटात गेलेली आहे. हाच खोंड चैत्रात, तापलेल्या कडक जमिनीवर, लांबचा टेम्पोचा प्रवास करून उतरल्यावर कसा पळतो, हे अजून कुणी पाहिलेलं नाही. हंगामाच्या सुरुवातीच्या एका मैदानावरून वर्षाचा भाव ठरवू नका. दोन-तीन मैदानं, वेगवेगळ्या जोडीदाराबरोबर, बघूनच बोला. आदताची हाडं अजून भरत असतात. दर आठवड्याला मैदान गाजवणारा आदत जुळेपर्यंत पायानं टिकला तर नशीब. मध्ये विश्रांती देणारा मालक शोधा, त्याच्याकडचं जनावर चांगलं निघतं.

चौथी गोष्ट नाजूक आहे, पण बोलते. शेपटीच्या मुळापासून टोकापर्यंत हात फिरवा. मणका वाकडा, गाठाळलेला लागला, तर शेपटी पिरगाळून पळवलेलं जनावर आहे. मागच्या मांड्यांवर टोचल्याचे डाग, केस गेलेले ठिपके बघा. त्याच्याजवळ एखादी काठी उचलून बघा. अंग चोरून थरथर कापला, तर तो भीतीनं पळतोय. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका, हे सगळं नियमानं बंद आहे. शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि बैल तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. अटी मोडून जनावराला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. खोंड तुमच्या नावावर असेल तर प्रत्येक मैदानाच्या आधी घरात विचारा, “परवानगीचा कागद बघितला का?” माराशिवाय न पळणारा खोंड फुकट मिळाला तरी महाग आहे. मुक्या जिवाचा तळतळाट नको आणि पोलीस ठाण्याची पायरीही नको.

आता पैशाकडं येऊ. घरात हिशोब मांडताना खोंडाची किंमत आणि बक्षिसाची रक्कम, एवढंच बोललं जातं. मधला खर्च कुणी मांडत नाही. पेंड, मक्याचा भरडा, कडबा, दूध, अंडी, मैदानाची प्रवेश फी, टेम्पोचं भाडं. समजा रोजचे २०० रुपयेच धरले, तरी महिन्याचे ६,००० आणि वर्षाचे ७३,००० रुपये झाले. गटातून ५०,००० रुपये कर्ज काढलं आणि व्याज दरमहा शेकडा २ रुपये असेल, तर पहिल्या महिन्याचं व्याजच १,००० रुपये. म्हैस व्याली की दूध डेअरीला जातं आणि त्यातून हप्ता फिटतो. खोंड हप्त्याच्या तारखेला पळत नाही. एका मैदानात पहिला नंबर एकाच गाडीचा येतो, बाकीच्या सगळ्या गाड्या खर्च करून घरी जातात.

अजून एक. पळणं थांबलं की काय? २०१५ पासून आपल्या राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. म्हणजे उतरलेला बैल तुम्हालाच पोसायचा आहे, नाहीतर शेतकामाला लावायचा आहे. म्हणून खोंड घेताना तो औताला, गाडीला रुळेल का, हेही बघा. शांत, माणसाळलेला, बायका-पोरांना जवळ येऊ देणारा खोंड दोन्हीकडं चालतो. मारका खोंड मैदानात टाळ्या घेईल, पण गव्हाणीत वैरण टाकायला तुम्हालाच जायचंय.

मग गटानं काय करायचं? माझं म्हणणं असं. पहिलं, अर्जावर खरं कारण लिहा. ‘पशुपालन’ लिहून खोंड घ्यायचा नाही. दुसरं, गटाचे पैसे शर्यतीच्या आशेवर द्यायचे नाहीत. अर्जदार ताईच्या घरात हप्ता फेडायला दूध, मजुरी, शिवण असं दुसरं उत्पन्न असेल तरच विचार करा, आणि तो हप्ता खोंड एकही मैदान न जिंकता फिटेल का, हे सगळ्यांसमोर मांडा. तिसरं, बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, आपल्याला आकडा कळतच नाही. आकडा मोठ्यानं बोलायला लावा, बाजार समितीची पावती ताईच्या नावानं घ्या, आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर पावतीवर लिहून घ्या. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस झाली आहे का, ते विचारा. विम्याची चौकशी सरकारी दवाखान्यात करा.

आणि ज्यांना या धंद्यात राहायचंच आहे, त्यांच्यासाठी एक वेगळी वाटही आहे. पळणारा खोंड विकत घेण्याऐवजी चांगली खिल्लार गाय पाळा. चांगल्या वळूचं वासरू घ्या, त्याला लहानपणापासून माणसाची, गर्दीची, गाडीची सवय लावा आणि आदत असतानाच चांगल्या भावात द्या. मैदानाची जोखीम घेणाऱ्यानं घ्यावी. गाय आपल्या दावणीला राहते, पुढच्या साली पुन्हा व्यायची आशा राहते, आणि शेण-गोमूत्र शेताला मिळतं ते वेगळंच.

येत्या बैठकीत खोंडाचा अर्ज आला, तर ताईला हसू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. तिच्याबरोबर दोघीजणी जा. दात बघा, ढेकळातून चालवा, शेपटीवरून हात फिरवा, हिशोब वहीत मांडा. मग सगळ्या मिळून हो म्हणा किंवा नाही म्हणा. ज्या सहीखाली आपलं नाव आहे, तो निर्णयही आपलाच असू द्या.

येते मी. राम राम.