क्षुल्लक

सात रस्त्याजवळ राहणाऱ्या माणसाला एक सवय लागते. कुणी वाट विचारली की आपण आधी विचारतो, 'जायचं कुठं?' इथून सात वाटा फुटतात. उगीच हात दाखवला तर माणूस भलतीकडेच जायचा. पण २०२५ च्या १ सप्टेंबरला, सोमवारी, मीच एक गठ्ठा काखेत घेऊन या चौकात उभा होतो. सातांतला एकही रस्ता त्या गठ्ठ्याच्या उपयोगाचा नव्हता. गठ्ठ्याला अमेरिकेला जायचं होतं.

माझी भाची न्यू जर्सीत असते. नोकरी सांभाळून ती घरातूनच लहानसा धंदा करते, सोलापुरी नॅपकिन विकायचा. आपल्याकडं नॅपकिनला कुणी दोनदा हात लावून बघत नाही. तिकडच्या बायकांना मात्र त्यांचं कौतुक. गिऱ्हाईक तिकडं पैसे भरतं, भाची मला पत्ता कळवते आणि मी इथून थेट त्या पत्त्यावर टपालानं पार्सल पाठवतो. कवितेच्या मानधनावर पोट भरत नाही हे तुम्ही जाणताच; पण हे काम मी पैशासाठी करत नव्हतो. बहिणीची लेक आहे, 'मामू, एवढं करा ना' म्हणाली, केलं.

नॅपकिनच्या कडा शिवून देतात पूर्व भागातल्या एक अक्का. त्यांचे सासरे तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले, नवरा यंत्रमागावर होता, आता घरात शिलाई मशीन आहे. नगाला ठरलेला दर. महिन्याला भाचीच्या कामाचे जे पैसे येत, त्यातून नातवाच्या शिकवणीची फी जायची. हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं, आणि सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं मला पुढं वाटलं.

खिडकीवरचा मुलगा ओळखीचा. गठ्ठा बघूनच त्यानं मान हलवली. "चाचा, अमेरिकेचं बंद आहे."

"पार्सल बंद आहे हे ऐकलं होतं. शंभर डॉलरच्या आतली भेटवस्तू चालते म्हणे?"

"ते पण बंद झालं कालपासून. पत्रसुद्धा नाही."

पत्रसुद्धा नाही! युद्धाच्या काळातसुद्धा कुठल्या ना कुठल्या वाटेनं पत्रं जात. मी त्याच्याशी हुज्जत घातली नाही. त्याचा काय दोष?

घरी येऊन भाचीला फोन केला तेव्हा सगळा उलगडा झाला. अमेरिकेच्या १९३० च्या आयात कायद्यात १९३८ साली एक सवलत घातली गेली. (१९३० म्हणजे ज्या वर्षी आपल्या सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, ते साल.) अगदी किरकोळ किमतीचा माल असेल तर त्यावर जकात घेऊ नये, वसुलीचा खर्चच वसुलीपेक्षा जास्त व्हायचा. लॅटिनमध्ये म्हणच आहे म्हणे, की कायदा क्षुल्लक गोष्टींकडं बघत नाही. २०१६ साली या किरकोळ मालाची मर्यादा दोनशे डॉलरवरून आठशेवर गेली. आणि मग क्षुल्लक गोष्टींचा पूर आला. २०२४ च्या आर्थिक वर्षात अशी १३६ कोटी पार्सलं अमेरिकेत शिरली. त्यांतली बहुतेक चीनमधली, स्वस्त कपड्यांची. २ मे २०२५ पासून चीनसाठी सवलत बंद झाली. ३० जुलैला अध्यक्षांनी हुकूम काढला आणि २९ ऑगस्टपासून ती साऱ्या जगासाठी बंद केली. जकात कुणी गोळा करायची, कशी भरायची, याचा मेळ बसेना म्हणून कितीतरी देशांच्या टपाल खात्यांनी अमेरिकेचं बुकिंग थांबवलं. आपल्यानं २५ ऑगस्टपासून थांबवलं.

चिनी मालाच्या पुरावर त्यांचा राग असेल, त्यात मला अन्याय दिसत नाही. तिकडच्या गिरणीवाल्याला, दुकानदारालाही पोट आहे. गिरण्या बंद पडल्या की गावाचं काय होतं हे सोलापूरकराला कुणी शिकवायला नको. पण दार बंद करताना चोर आणि पाहुणा दोघांच्याही तोंडावर एकदमच आपटलं गेलं. भाची तर त्यांच्याच देशात कर भरणारी लहान दुकानदार.

त्या संध्याकाळी अक्कांकडं गेलो. साठ नॅपकिन तयार होते, घडी घालून, सुतळीनं बांधून. मी त्यांना ट्रम्प, जकात, हुकूम सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "चाचा, माझ्या शिलाईत काही खोट निघाली का?"

मला काय बोलावं सुचेना. साठांची मजुरी दिली, गठ्ठा घेतला. पुढचं काम कधी, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

१५ ऑक्टोबरला टपाल पुन्हा सुरू झालं. पण तेव्हा पार्सलाच्या जाहीर किमतीच्या निम्मी जकात होती, आणि तीही पाठवणाऱ्यानं इथंच, बुकिंग करतानाच भरायची. बाराशेचा माल असेल तर सहाशे रुपये जकात, वर टपालखर्च. असं एक पार्सल मी पाठवलं. सोलापुरात उभं राहून अमेरिकेच्या तिजोरीत कर भरणारा मी बहुधा या शहरातला पहिलाच मराठी कवी असेन! भाचीनं दर वाढवले. निम्मी गिऱ्हाइकं गेली. उरलेली चांगली बायामाणसं आहेत, ती म्हणतात थांबतो.

तिकडं खटलाही चालू होता. न्यूयॉर्कचा एक वाइन आयात करणारा, इलिनॉयमधली खेळणी बनवणारी कंपनी, अशा लहान-मध्यम व्यापाऱ्यांनी सरकारला कोर्टात खेचलं होतं. म्हणणं एवढंच, की आणीबाणीच्या कायद्याखाली अध्यक्षांना जकात बसवता येत नाही, तो अधिकार काँग्रेसचा. खालच्या कोर्टात ते जिंकले, अपिलात सात विरुद्ध चार अशा मतांनी जिंकले, आणि २० फेब्रुवारी २०२६ ला सर्वोच्च न्यायालयानंही सहा विरुद्ध तीन असा त्यांच्या बाजूनं कौल दिला. वाइनवाल्यानं आपल्या अध्यक्षाला हरवलं, हे ऐकून त्या देशाविषयी मला पुन्हा थोडं बरं वाटलं.

त्या दिवशी भाचीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. मी विचारलं, "म्हणजे अक्कांना काम सांगू?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "नको मामू, इतक्यात नको." त्याच दिवशी अध्यक्षांनी १९७४ च्या दुसऱ्या एका कायद्याचा आधार घेऊन, १५० दिवसांच्या मुदतीची नवी जकात जाहीर केली होती. लहान पार्सलांची सवलतही परत आली नाही. ती तर २०२५ च्या जुलैमध्ये काँग्रेसनंच कायदा करून १ जुलै २०२७ पासून कायमची रद्द ठरवून ठेवली आहे. त्यावर कोर्ट काय करणार?

अक्कांना मी हे सांगायला गेलो तेव्हा त्या शाळेच्या गणवेशांना काजं करत होत्या. दर कमी, पण रोजचं काम. म्हणाल्या, "तुमच्या भाचीला सांगा, मशीन तयार आहे."

साठांतले बारा नॅपकिन ऑक्टोबरात गेले. अठ्ठेचाळीस माझ्या कपाटावर आहेत, सुतळी सोडलेली नाही.