सोरा आणि पालाश



वाराणसीच्या पूर्वेस, गाझीपूरपासून बिहारपर्यंत, गंगेच्या काठाने एके काळी सोऱ्याचा मोठा व्यवसाय चालत असे. पावसाळा सरला की गोठ्यांभोवती व जुन्या मातीच्या भिंतींवर पांढरा लोणा फुटे. नोनिया समाजाचे लोक तो खरवडून पाण्यात विरघळवीत आणि ते पाणी गाळून कढयांत आटवीत. सोऱ्यावाचून बंदुकीची दारू होत नसे. म्हणूनच प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ साली, ईस्ट इंडिया कंपनीने बिहारच्या सोऱ्याची मक्तेदारी मीर जाफरकडून मिळविली. हा सोरा म्हणजे पालाशाचाच एक क्षार होय. ज्या प्रदेशाने जगाला तो पुरविला, त्याच प्रदेशातील शेतांना आज पालाश खत परदेशांतून आणावे लागते.

असे का व्हावे? सोरा हा जमिनीच्या पृष्ठभागावर दरवर्षी नव्याने येणारा क्षार. पालाशाचे मोठे साठे मात्र प्राचीन समुद्र आटून खोलवर तयार झालेले आहेत. जर्मनीतील स्टासफुर्ट येथे मिठाच्या खाणीतील कडवट थर प्रथम टाकाऊ समजले जात. १८६१ साली तेथे त्यांपासून पालाश काढण्याचा कारखाना निघाला. हा पालाश आणि चिलीमधील नत्रयुक्त क्षार यांच्या संयोगाने कारखान्यांत सोरा बनू लागला व गंगाकाठचा व्यवसाय खालावला.

आज सर्वाधिक उत्पादन कॅनडात होते. तेथील सस्कॅचेवान प्रांतात सुमारे एक किलोमीटर खोल खाणी आहेत. कॅनडा, रशिया व बेलारूस हे तीन देश मिळून जगाचा निम्म्याहून अधिक पालाश काढतात. साठे विपुल असले तरी ते मोजक्या हातांत आहेत. २०२१ च्या आरंभी भारताने टनास ३०० डॉलरांहून कमी दराने घेतलेले खत २०२२ मध्ये ५९० डॉलरांवर गेले, ते याच कारणाने.

भाव चढला की शेतकरी प्रथम पालाशच कमी करतो. युरिया स्वस्त राहतो, तो सोडवत नाही. २०१० साली अनुदानाची पद्धत बदलल्यानंतर हाच अनुभव आला. गंगेच्या गाळात अभ्रक असल्याने जमीन पालाश हळूहळू सोडते आणि पीक लगेच पिवळे पडत नाही. परंतु भाताच्या पिकाने घेतलेला बहुतेक पालाश पेंढ्यात असतो. तो पेंढा शेताबाहेर गेला की शेत हीच एक खाण होते, आणि या खाणीतील साठ्याची नोंद कोणी ठेवीत नाही.

राजस्थानातील नागौर-गंगानगर खोऱ्यातील खोल थरांचा अभ्यास करण्याचा करार २०२१ मध्ये झाला. त्याच वर्षी मळीपासून मिळणाऱ्या पालाशालाही अनुदान लागू झाले. हे उपाय फलद्रूप होईपर्यंत पेंढा आणि शेणखत शेतात परत घालणे, हीच शेतकऱ्याच्या हाती असलेली पुंजी होय.