एका आकड्यात पंचसूत्री
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत आमच्या लेखापाल ताईंनी केलेलं बोलणं)

मैत्रिणींनो, कॉम्प्युटरचं बोलायचंय म्हटल्यावर मागच्या दोघी-तिघी चहाकडे बघायला लागल्या. थांबा, मी तागडीपासूनच सुरू करते.

समजा आपल्याकडे १, २, ४, ८ आणि १६ किलोची पाचच वजनं आहेत, प्रत्येकी एक. पारड्यात २३ किलो भरले, तर कोणती ठेवली असतील? १६, ४, २ आणि १. दुसरी जोडणी होतच नाही. एक ते एकतीस कुठलाही आकडा घ्या, तसंच.

आता आपली पंचसूत्री लावा. नियमित बैठक १, बचत २, अंतर्गत कर्जवाटप ४, परतफेड ८, दप्तर लेखन १६. सगळं पाळलं की ३१. पाच सूत्रं, बारा महिने, म्हणजे साठ रकाने. असं केलं तर बारात भागतं. दोन-चारच गट असतील तर मात्र कागदावर खुणा केलेल्या बऱ्या.

परतफेड कुणाची राहिली हे शोधायला एक्सेलमध्ये २०१३ पासून ‘बिटअँड’ आहे, मोबाईलवरच्या गूगल शीट्समध्येही आहे. बरोबरचं चिन्ह, मग इंग्रजीत बी-आय-टी-ए-एन-डी, कंसात आकड्याचा चौकोन, स्वल्पविराम आणि ८. उत्तर ८ आलं तर परतफेड झालीय, शून्य आलं तर नाही. पण चौकोन रिकामा असला तरी शून्यच येतं, तेव्हा माहिती आलीय का ते आधी बघा.

आता माझी चूक सांगते. मागच्या खरिपाआधी एका गटाचं दप्तर तेवढं राहिलं होतं, बाकी सगळं चोख. आकडा १५. परतफेडीचा निरोप सीआरपी ताईंनी दिला होता, तो मी धरलाच होता. चार दिवसांनी सचिव ताईंनीही तोच दिला आणि मी परत ८ मिळवले. झाले २३! आता २३ म्हणजे काय, बघा: दप्तर पूर्ण, परतफेड थकीत. अगदी उलटं. गट थकबाकीच्या यादीत गेला, कर्जाचा प्रस्ताव मागे पडला. बायांनी बियाणं दुकानातून उधारीवर उचललं. सचिव ताई पावत्या घेऊन आल्या तेव्हा कुठे मला कळलं. सगळ्यांसमोर माफी मागितली, पण पेरणी काय थांबते का?

तेव्हापासून मी अधिकचं चिन्ह वापरत नाही. ‘बिटऑर’ वापरते, बी-आय-टी-ओ-आर. ते वजन आधीच पारड्यात असेल तर दुसऱ्यांदा ठेवत नाही. १५ आणि ८ दिले तर १५ च राहतात. ७ आणि ८ दिले तर १५ होतात.

पुढच्या बैठकीला प्रत्येक सचिव ताईंनी गटाचा या महिन्याचा आकडा घरूनच काढून आणा. माझ्या शीटशी जुळवू. जुळला नाही तर आधी माझंच तपासू.